बोकडाचं धड घरी तोडताना: हत्यारं, सांधे आणि थंडी

घरी अख्खा बोकड किंवा मेंढा तोडायचं ठरलं की पहिली खरेदी होते जड सत्तुराची. ती लांबणीवर टाका. धडाचे मोठे भाग सुटे करायला सत्तूर जवळजवळ लागतच नाही. लागते ती लहान, धारदार सुरी आणि सांधा कुठे आहे याची जाण. नवशिक्याच्या हातातल्या सत्तुराने हाड तुटतं कमी आणि फुटतं जास्त. मग शिजल्यावर त्याच्या कपच्या दाताखाली येतात.

बोकड कापून, सोलून, आतलं सगळं काढून धड मागच्या पायांनी टांगलेलं आहे, असं इथे धरलं आहे. २५ किलोच्या बोकडाचं असं धड साधारण ११ ते १२ किलो भरतं. त्यातला पाव हिस्सा हाडांचा असतो, म्हणून किती मटण हाती येईल याचा अंदाज आधीच जरा आखडता धरा.

काय लागेल

मुख्य हत्यार म्हणजे १२ ते १५ सेंमी पात्याची अरुंद सुरी. पातं किंचित लवचीक असलं तर हाडाच्या वळणाने फिरतं. मूठ खरखरीत प्लास्टिकची बरी. चरबी लागली की लाकडी मूठ निसटते आणि तिच्या फटी नीट धुतल्या जात नाहीत. काप करायला २० ते २५ सेंमीची दुसरी सुरी, कण्यासाठी बारीक दात्यांची करवत. लोखंड कापायची करवतही चालते, फक्त पातं कोरं हवं आणि त्यावरचं तेल गरम पाण्याने व साबणाने काढलेलं हवं.

धार लावायची पोलादी सळई हाताशीच ठेवा. दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन्ही बाजूंनी चार-पाच हात, २० अंशांच्या आसपास कोन धरून. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली सुरी निसटली की थेट हातावर येते. ज्या हातात सुरी नाही त्या हातात जाळीचा हातमोजा घाला. तो ओरखडा आणि काप अडवतो, टोक घुसणं नाही. म्हणून सुरी कधीही स्वतःकडे ओढायची नाही.

तीन परात घ्या: चांगल्या मटणाला, हाडांना, टाकाऊला. काम सुरू झाल्यावर भांडी शोधायला लागलात तर चरबीचे हात घरभर लागतात.

आधी गारवा

बहुतेकांचं मटण बिघडतं ते कापण्यात नाही, घाईत. जीव गेल्यावर काही तासांत स्नायू आखडतात. त्याआधीच मांस हाडावरून सोडवलं, तर त्याला ताणून धरणारं काही उरत नाही. ते आक्रसतं आणि शिजवूनही चिवट राहतं. ताजं, कोमट मटण थेट फ्रीझरमध्ये टाकलं तरी हेच होतं, फक्त कळतं ते बर्फ उतरल्यावर.

म्हणून धड गार होऊ द्या आणि ४ अंश सेल्सिअसच्या आत २४ तास ठेवा. अख्खं धड फ्रिजमध्ये मावत नसेल तर सांध्यांवर पाच-सहा मोठे भाग करा, पण हाडं काढू नका. भाग एकावर एक रचू नका. जाळीवर सुटे ठेवा, नाहीतर मधला भाग रात्रभर कोमट राहतो. बाहेर टांगून ठेवायचं तर हवा १५ अंशांच्या आत असेल तरच, आणि तेही काही तासच. त्याहून उकाडा असेल तर सरळ फ्रिज गाठा. थोडं चिवट मटण खाता येतं, नासलेलं नाही.

धडावर पाणी ओतू नका. ओल्या पृष्ठभागावर जंतू झपाट्याने वाढतात. केस चिकटले असतील तर ओल्या फडक्याने टिपा. मळ लागलेला भाग पातळ कापून टाका.

तोडणी

सुरुवात आतून करा. कण्याच्या आतल्या अंगाला, कमरेपाशी, दोन लांबट पट्ट्या असतात. सगळ्यात मऊ मटण ते. उघडं राहिलं की आधी तेच सुकतं. बोटांनी सोडवत काढा.

पुढचा पाय, म्हणजे दस्त, शरीराला हाडाने जोडलेलाच नसतो. पाय बाहेर ओढा, काखेत पांढरा पातळ पडदा दिसेल. त्यावरूनच सुरी फिरवत वर जा. खाली हात धरा, पाय आपल्या वजनानेच सुटून येतो. हाड लागलं तर समजा की सुरी बरगड्यांत शिरली आहे.

मान खांद्यापाशी मणक्यांच्या फटीत सुरी घालून, पिळून काढा. पोटाचं पातळ मांस आणि सीना बरगड्यांच्या खालच्या कडेने कापा. मग कमरेचा शेवटचा मणका करवतीने कापून पुढचा भाग उतरवा.

रान, म्हणजे मागचा पाय, काढताना लोकांचा सगळ्यात जास्त घोटाळा होतो. ओटीच्या हाडाला सुरी घासतच ठेवा. खुब्यापाशी वाटीत बसलेला गोळा लागेल. पाय बाहेर मोडा, सांधा उघडेल, आणि आतली जाड दोरी टोकाने कापली की पाय मोकळा. इथे करवत लागत असेल तर जागा चुकली आहे.

रानाच्या मागच्या चरबीत आणि खांद्याच्या फऱ्यापुढे करड्या, गुळगुळीत गाठी असतात. त्या काढून टाका. शिजल्यावर चव बिघडवतात.

चापेसाठी, म्हणजे बरगडीसकट तुकड्यांसाठी, मांस सुरीने हाडापर्यंत कापा आणि करवत फक्त हाडावर चालवा. बरगड्यांच्या १३ जोड्या असतात, हिशेब त्यावर बसवा. करवतीचा भुसा कोरड्या फडक्याने पुसा, तो लवकर आंबतो.

कलेजी आणि फुप्फुसं उजेडात नीट पाहा. पाण्याने भरलेले पांढरट फोड दिसले तर तो अवयव खाऊ नका आणि कुत्र्याला तर मुळीच घालू नका. त्यातल्या फीतकृमीच्या अळ्या कुत्र्यात वाढतात आणि त्या कृमींची अंडी त्याच्या विष्ठेतून माणसापर्यंत पोहोचतात. जाळा, किंवा उकरता येणार नाही इतकं खोल पुरा.

खिमा आणि साठवण

खिम्याचं मटण आणि यंत्राचे भाग आधी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. पांढरे पापुद्रे काढा, नाहीतर ते पात्याला गुंडाळतात आणि खिम्याऐवजी लगदा बाहेर येतो. आधी ८ मिमीची जाळी, मग ५ मिमीची.

पिशव्या अर्ध्या-एक किलोच्या आणि चपट्या करा. पिशवी पाण्यात गळ्यापर्यंत बुडवली की हवा आपोआप निघते. टोकदार हाडाला आधी जाड कागद गुंडाळा. एका भोकानेही मटण फ्रीझरमध्ये वाळून पांढरं पडतं. उणे १८ अंशांना खिमा तीन-चार महिने, तुकडे सहा ते नऊ महिने चवीला चांगले राहतात. सगळं एकदम कोंबू नका, आधीचं गोठलं की पुढचं.

फळी आणि सुऱ्या आधी साबणाने घासा, मग लिटरभर पाण्यात चमचाभर घरगुती ब्लीच घालून पुसा. क्रम उलटा केला तर चरबीखालचे जंतू तसेच राहतात.