म्युझियममधलं लिबरेटर आपल्या एअरफोर्सचं होतं का, कसं ओळखाल?

परदेशात विमानांच्या म्युझियममध्ये गेलात आणि बी-२४ लिबरेटर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन बॉम्बर विमान, दिसलं तर नुसता सेल्फी काढून पुढे पळू नका, ते कधीकाळी आपल्या लोहगावातही उतरलेलं असू शकतं. खरंच सांगतोय.

आधी ते लिबरेटरच आहे ना बघा. चार इंजिनं, लांब सडपातळ पंख आणि शेपटीला दोन उभी पाती. बी-१७ या दुसऱ्या चार इंजिनी अमेरिकन बॉम्बरला एकच पातं, तिथेच बरेच जण फसतात. पोटाखालचे बॉम्बचे दरवाजे पण बघा, ते दुकानाच्या शटरसारखे अंगालगत वर सरकतात. आत डोकावायला मिळालं तर मधली फळी बघाच, जेमतेम वीतभर रुंद, आणि उडत्या विमानात लोक तिच्यावरून ये-जा करायचे!

मग रंग आणि नाकावरचं चित्र सरळ विसरा. ते म्युझियमवाल्यांनी नंतर रंगवलेलं असतं. ॲरिझोनातल्या टूसॉनचं पिमा म्युझियम घ्या, तिथलं विमान पक्कं अमेरिकन नटवलंय पण मूळचं आपलं एचई८७७.

म्हणजे बघायचा तो नंबर. एकाच विमानाला तीन असतात, अमेरिकन, ब्रिटिश आणि आपला, आपला 'एचई' ने सुरू होतो. उदा. ४४-४४०५२, केएच१९१ आणि एचई७७१ हे तिन्ही एकच विमान. बोर्डवर एचई नसेल तर बाकीचे दोन गुगल करा.

नंबरच सापडला नाही तर तारखांमधली गॅप शोधा. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी भंगारात काढलं आणि १९६८ नंतर एकदम धडधाकट परत उगवलं असं लिहिलं असेल तर मधली वीस वर्षं आपल्याकडची समजा. झालं असं की ही विमानं अमेरिकेने ब्रिटिशांना लेंड-लीजवर (म्हणजे युद्धापुरती उसनी, नंतर परत करा नाहीतर नष्ट करा) दिलेली, त्यामुळे ब्रिटिशांनी जाताना ती कानपूरला मुद्दाम तोडफोड करून टाकून दिली. बंगलोरच्या एचएएल या विमान कारखान्याच्या लोकांनी त्यातलीच धड निवडली, जुजबी ठिगळं लावली आणि टेस्ट पायलट जमशेद मुन्शी ती उडवत बंगलोरला घेऊन गेले (ठिगळं लावलेलं चार इंजिनांचं धूड, विचार करा). अशी चाळीसेक विमानं उभी राहिली. नोव्हेंबर १९४८ मध्ये ५ नंबर स्क्वाड्रनला पहिली मिळाली, पुढे पुण्यात ६ नंबर स्क्वाड्रन समुद्रावर टेहळणीसाठी हीच वापरायची. १९६८ च्या शेवटी रिटायर झाली तोवर जगात बाकीच्यांनी आपापली कधीच मोडीत काढलेली, अठरा हजारांवर बनूनसुद्धा. म्हणून मग ब्रिटन, कॅनडा, अमेरिका सगळे आपल्याकडे मागायला आले.

एवढी शोधाशोध नको असेल तर दिल्लीत पालमच्या एअरफोर्स म्युझियमला जा, तिथे एचई९२४ आपल्याच रंगात उभं आहे.