चौऱ्याण्णववर अडकलेला आकडा

आमची पुतणी वरच्या मजल्यावर बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. मागच्या महिन्यात खाली आली ती वैतागूनच. "काका, मोबाइलवर नेटचा वेग एकशे नव्वद येतो, आणि वायर लावलेल्या कॉम्प्युटरवर चौऱ्याण्णवच्या पुढे आकडा हलतच नाही. तक्रार करते आता."

मी म्हटलं, थांब जरा. मी टेलिफोनच्या खात्यात तीस वर्षं लाइनवर काढली, फॉल्ट शोधण्यातच काढली. चौऱ्याण्णव ऐकलं तेव्हाच कळलं की फॉल्ट आपल्याच घरात आहे. बाहेरून येणारी लाइन खराब असली की आकडा डोलतो: कधी साठ, कधी एकशे तीस. इथे तो रोज, सकाळ-संध्याकाळ, ९३ ते ९५च्या मध्येच. म्हणजे कुठेतरी १०० एमबीपीएसची, सेकंदाला १०० मेगाबिटची, भिंत आहे. वायरवरून माहिती छोट्या पाकिटांत भरून जाते, त्यामुळे हा वेग १०० असला की पाकिटांच्या वेष्टनात थोडा जातो आणि स्पीड टेस्टला साधारण चौऱ्याण्णव उरतात. तुमचा प्लॅनच १००चा असेल तर मात्र हेच तुमच्या हक्काचं माप, दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे कॉम्प्युटर आणि राउटर आपसात कोणत्या वेगाने बोलतात ते बघा. विंडोज असेल तर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, चौकटीत इंग्रजी अक्षरांत एनसीपीए डॉट सीपीएल लिहून एंटर करा. इथरनेटवर डबल क्लिक केलं की छोटी खिडकी उघडते, तिच्यात स्पीडची ओळ असते. तिथे १.० जीबीपीएस, म्हणजे एक गिगाबिट किंवा १००० एमबीपीएस, हवं. पुतणीकडे १००.० एमबीपीएस होतं. (डाउनलोड करताना दिसणारा आकडा बहुतेक वेळा मेगाबाइटमध्ये असतो, त्याला आठने गुणा. १२चा आकडा बघून घाबरणारे मी बरेच पाहिले, ते जवळजवळ शंभर एमबीपीएसच असतात.)

आता हे असं का होतं? नेटच्या वायरीत आठ तारा, म्हणजे चार पेअर, एकमेकींभोवती पिळलेल्या जोड्या. १०० एमबीपीएसला दोनच पेअर लागतात, एक गिगाबिटला चारही. उरलेल्या दोनांतली एखादी तार तुटली तर बहुतेक यंत्रं बंद पडत नाहीत. दोन्ही टोकं मुकाट्याने १००वर तडजोड करतात, ना लाल दिवा ना तक्रार. म्हणून माणूस महिनोन्महिने कंपनीला दोष देत बसतो.

फॉल्ट शोधायची आमची पद्धत एकच होती, लाइन मध्ये तोडून बघायची. घरातही तेच करा. कॉम्प्युटर उचलून राउटरपाशी न्या, चांगल्या अवस्थेतली हातभर वायर लावा आणि पुन्हा तीच ओळ बघा. पुतणीचा लॅपटॉप खाली आणला, १.० जीबीपीएस आलं. म्हणजे राउटर ठीक, लॅपटॉप ठीक, दोषी वायर. छोट्या वायरीवरही १००च दिसत असेल तर राउटरचं दुसरं पोर्ट लावून बघा. जुन्या राउटरची आणि स्वस्त कॉम्प्युटरची पोर्टंच १००ची असतात, मग वायर बदलून काय होणार.

आमचं इंदूरच्या रामबागेतलं घर जुनं. जिन्याच्या लाकडी खिडकीतून ती वायर वर गेलेली. पावसाळ्यात झडप फुगते म्हणून सगळे ती जोर लावून ओढतात. वायर हातात घेऊन बोटांनी चाचपत गेलो. चौकटीपाशी ती चपटी झाली होती, पुरीच्या कडेसारखी. ब्लेडने साल सोलली. ऑरेंज, ग्रीन, ब्लू शाबूत. ब्राउन मधोमध तुटलेली, आणि तुटल्या जागी आतून पांढरी. तांबं असतं तर लाल दिसलं असतं. ही ॲल्युमिनियमची तार, वर तांब्याचा नुसता मुलामा. अशा वायरीवर सीसीए लिहिलेलं असतं, कधी तेही नसतं. ती हलकी असते, चार वेळा वाकवली की मोडते. घेताना शुद्ध तांब्याची कॅट ५ई किंवा कॅट ६ दर्जाची वायर मागा. १०० मीटरपर्यंत कॅट ५ई गिगाबिट निभावते, घराला एवढं पुष्कळ. मी सिल्व्हर मॉलमधून आणली, दुकानदारासमोरच टोक खरवडून बघितलं.

प्लग स्वतः बसवणार असाल तर क्रम असा: ऑरेंज-व्हाइट, ऑरेंज, ग्रीन-व्हाइट, ब्लू, ब्लू-व्हाइट, ग्रीन, ब्राउन-व्हाइट, ब्राउन. दोन्ही टोकांना हाच. ग्रीनची जोडी ब्लूला मध्ये घेऊन बसते, तिथेच लोक चुकतात. एकदा सुदामानगरात ओळखीच्यांकडे गेलो, तिथे कुणीतरी जोड्या सरळ ओळीने लावल्या होत्या. टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागत होते, लिंक १००ची, आणि वेग पंधरा-वीस. टेस्टर फक्त तार पोचली का ते सांगतो, कोणती तार कोणाबरोबर पिळलेली आहे ते त्याला कळत नाही. प्लगच्या तिसऱ्या आणि सहाव्या खुंटीवर (पिनवर) एकाच पेअरच्या तारा हव्यात, नाहीतर शेजारच्या पेअरचा आवाज त्यात शिरतो. टेलिफोनवर दुसऱ्याचं बोलणं ऐकू यायचं, तोच हा रोग. पीळही प्लगपाशी १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नका.

वायर नवी, तरी रडतंय? मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये स्पीड अँड डुप्लेक्स बघा, तिथे ऑटो निगोशिएशनच असू द्या, म्हणजे दोन्ही टोकं वेग आपसात ठरवतात. कुणी हाताने १०० फुल डुप्लेक्स (एकाच वेळी बोलणं आणि ऐकणं) करून ठेवलं असेल, तर ऑटोवर असलेलं पलीकडचं टोक हाफ डुप्लेक्स (आळीपाळीने बोलणं) धरतं आणि दोघं एकमेकांवर आदळत राहतात. तिथलीच वीज वाचवणारी इथरनेटची सोय बंद करून एकदा तपासा. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, कार्डाच्या किंवा कॉम्प्युटरच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या.

क्लाउडवर फोटोंचा बॅकअप चढत असेल तरी सगळंच जड होतं. रिसोर्स मॉनिटरच्या नेटवर्क टॅबमध्ये कोण किती खातंय ते दिसतं. ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं व्हीपीएन चालू असेल तर ते बंद करून मोजा.

एवढं करून राउटरपाशी, छोट्या वायरीवर, बाकी सगळी उपकरणं काढूनही वेग कमीच असेल, तर कंपनीला फोन लावा. "वायरवर, राउटरला थेट जोडून, अमुक वेळेला एवढा आला" असं तीन वेळांचे आकडे लिहून सांगा. वायफायवरचा आकडा सांगितलात की ते वायफायलाच दोष देऊन फोन ठेवतात.

पुतणीची नवी वायर मी खिडकीतून नेली नाही. भिंतीत वेगळं भोक पाडलं, विजेच्या वायरीपासून वीतभर लांब.