खोन केनला शिकवायला येताय, तर हे वाचून या

लातूरहून, परभणीहून फोन येतात. बी.एड. झालंय, इंग्रजी चांगलं आहे, थायलंडच्या शाळेत लागता येईल का? येईल. मी इथं खोन केनला, ईसानमध्ये, म्हणजे थायलंडच्या ईशान्य भागात, बारा वर्षांपासून शिकवतेय. ईसान हा शब्द आपल्याच ईशान्येतला ईशान.

आधी कागद. एजंट काहीही सांगो, पर्यटक व्हिसावर येऊन शिकवायला लागू नका. नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि वर्क परमिट, दोन्ही हवेत. पदवीवर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आणि पोलीस क्लिअरन्स निघण्याआधी करून ठेवा. आपली मातृभाषा इंग्रजी नाही, म्हणून बऱ्याच शाळा टोइकसारख्या (TOEIC) इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात. सलग राहिलात तर दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. आणि मध्येच गावी जाणार असाल तर निघण्याआधी री-एंट्री परमिट, म्हणजे परत यायचा परवाना, घ्यायचंच. आई आजारी पडली तेव्हा मी घाईत तशीच विमानात बसले. परतताना कळलं, देश सोडला त्याच क्षणी माझी इथं राहायची मुदतवाढ रद्द झाली होती. सगळे कागद पहिल्यापासून करावे लागले, दीड महिन्याचा पगार गेला.

ईसान तुम्हाला परकं वाटणार नाही. शेती बरीचशी पावसाच्या भरवशावर. आईबाप बँकॉकला कामाला आणि लेकरं आजी-आजोबांकडे, अशी घरं गावोगाव. ऊसतोडीला गेलेल्या घरातलं लेकरू वर्गात जसं गप्प बसतं ना, तसंच इथलंही बसतं. मे महिन्याच्या सुमारास, लावणीआधी, आभाळात अग्निबाण सोडून पाऊस मागतात. बुन बांग फाय म्हणतात त्याला. बुन म्हणजे आपलं पुण्य. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ‘धोंडी धोंडी पाणी दे’ आठवलं आणि डोळे भरून आले.

सकाळी ८ वाजता झेंडा. राष्ट्रगीत लागलं की असाल तिथं उभं राहायचं. मग लेकरं हात जोडून म्हणतात, ‘नमो तस्सा फखवतो’. कान देऊन ऐका. गावाकडच्या बुद्धविहारातलं ‘नमो तस्स भगवतो’च आहे ते, उच्चार तेवढा थाई.

शिक्षकाला ख्रू म्हणतात, म्हणजे गुरूच. जूनच्या आसपास वाय ख्रूचा दिवस असतो. लेकरं गुडघ्यांवर सरकत येऊन फुलांचं तबक पुढं करतात. त्यात हरळी असते, वांग्याची फुलं असतात. हरळी तुडवली तरी पुन्हा फुटते, वांग्याचं फूल खाली वाकतं. शिकणाऱ्यानं तसं असावं, म्हणून. तेव्हा संकोचून ‘राहू दे, राहू दे’ करू नका, दोन्ही हातांनी घ्या. लेकराच्या डोक्यावरून हात फिरवायची आपली सवय मात्र सोडावी लागते. इथं डोकं पवित्र मानतात. पाय कुणाकडं करून बसायचं नाही, हेही तसंच.

आता वर्गातलं, जे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय. ‘समजलं का?’ विचारलं की अख्खा वर्ग हसून ‘येस टीचर’ म्हणतो. मी पहिलं वर्षभर त्या हसण्यावर विश्वास ठेवला आणि लेकरांचं नुकसान केलं. त्याला क्रेंग चाय म्हणतात: समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आपली अडचण पोटात ठेवायची. आपल्या ‘भीड’च्या जवळचं. म्हणून विचारू नका, करून घ्या. दोघादोघांना बोलायला लावा, पाटीवर लिहून वर धरायला सांगा.

माझा एक विद्यार्थी ‘स्कूल’ला ‘सकून’ म्हणायचा, ‘फुटबॉल’ला ‘फुटबॉन’. थाईत शब्दाच्या शेवटी ल किंवा र आला की त्याचा न होतो. आपला आहारसुद्धा इथं ‘आहान’ झालाय. पोरं हसली तसा तो बोलायचाच थांबला. मग मी फळ्यावर ‘व्हेरी वेल’ लिहिलं आणि सांगितलं, माझ्या भाषेत व्ही आणि डब्ल्यू, दोन्हींना एकच व आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, एबीसीडी पाचवीत पहिल्यांदा पाहिली, आणि खालच्या ओठावर दात टेकवून व्ही म्हणायला कॉलेजात शिकले. सगळ्यांनी ओठावर दात टेकवून पाहिले. त्यानंही. म्हणून सांगते, अमेरिकन सूर काढू नका, मराठी माध्यम लपवू नका. इंग्रजी बाहेरून आत कसं शिरतं, हे तुम्हाला अंगानं माहीत आहे.

खाण्याचं थोडक्यात. शाकाहारी असाल तर ‘आहान चे’ विचारा, त्यात कांदा-लसूणही नसतो. बाकी ठिकाणी ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे फिश सॉस घालू नका, असं आधीच सांगा. चिकट भाताबरोबरचा, मिरची कुटून केलेला चॅओ ठेच्याची हौस भागवतो. रजेच्या अर्जावर बौद्ध सन, म्हणजे आपल्यापेक्षा ५४३नं पुढचं, लिहायचं. २०२६ म्हणजे २५६९. पहिलं सत्र मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे पोळा, गणपती, गौरी सगळं शाळेत जातं. दिवाळी ऑक्टोबरात आली तरच सुट्टीत सापडते.

येसर आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन या. ज्वारीचं पीठ मला इथं अजून कुठं मिळालेलं नाही. दोन किलो आणलंत तर पहिल्या शनिवारी माझ्याकडं या, भाकरी मी थापते.