कोड येत नाही, वेबसाईट हवी आहे? मग या चुका टाळा

आंबिया बहाराचा संत्रा तोडणीला आला की वरुड-मोर्शीकडून एकाच तऱ्हेची विचारणा सुरू होते. "भाऊ, साईट तं बनवली, पण लोकायले दिसूनच नाही राहिली." वर्धा जिल्ह्यात समुद्रपूरच्या बाजूला वायगाव हळद विकणाऱ्या बचत गटाची अडचणही तीच असते. मोहर्लीला ताडोबाच्या गेटाजवळ होमस्टे चालवणाऱ्यांचीही तीच.

या सगळ्यांनी पान बनवलेलं असतं, आणि बऱ्यापैकी नेटकं बनवलेलं असतं. गुगल साईट्स, विक्स, वर्डप्रेस डॉट कॉम, कॅनव्हा, ब्लॉगर यांपैकी कशातही चित्र ओढून ठेवायचं, मजकूर लिहायचा, रंग निवडायचा, एवढंच काम असतं. कोडची एक ओळ लागत नाही. म्हणून अडचण आली की "आपल्याला कोडिंग येत नाही ना" असं म्हणून लोक हात टेकतात. मला हे पटत नाही. बहुतेक बिघाडांचा कोडशी काही संबंध नसतो. बनवणारा स्वतःचं पान स्वतःच्या लॉगिनमध्ये, स्वतःच्या लॅपटॉपवर, घरच्या वायफायवर बघतो. गिऱ्हाईक ते बघतं मोबाईलवर, लॉगिन नसताना, कधी एसटी स्टँडवर रेंजची एकच काडी असताना. या दोन बघण्यांमधल्या फरकात जवळपास सगळ्या चुका सापडतात.

मला दिसतंय, दुसऱ्याला नाही

सगळ्यात जास्त तक्रारी याच्या. कारणं तीन, आणि तिन्ही तपासायला पाच मिनिटं पुरतात.

पहिलं कारण म्हणजे पान प्रकाशितच केलेलं नसतं. गुगल साईट्समध्ये केलेलं काम आपोआप सेव्ह होतं, म्हणून वाटतं की झालं. पण सेव्ह वेगळं आणि पब्लिश वेगळं. वरचं 'पब्लिश' बटण दाबेपर्यंत बाहेरच्या माणसाला काही दिसत नाही. हे एकदा दाबूनही भागत नाही. नंतरच्या प्रत्येक बदलानंतर पुन्हा दाबावं लागतं. सकाळी संत्र्याचा नवा दर टाकला, पब्लिश केलं नाही, तर व्यापाऱ्याला मागच्या आठवड्याचाच दर दिसत राहतो आणि फोनवर वाद होतो. म्हणून दराशेजारी तारीख लिहायची सवय लावा: '१२ नोव्हेंबरचा दर'. पान जुनं आहे हे मग समोरच्यालाही लगेच कळतं.

दुसरं कारण चुकीची लिंक. एडिटर, म्हणजे पान बनवायची खिडकी, उघडा असताना वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला जातो. तो पत्ता संपादनाचा असतो, त्याच्या शेवटी बहुधा 'एडिट' असा शब्द दिसतो. तो उघडणाऱ्याला पान न दिसता परवानगी मागा असा निरोप दिसतो. गुगल साईट्समध्ये पब्लिश बटणाच्या ओळीतच साखळीचं चिन्ह आहे. प्रकाशित पानाची लिंक तिथून घ्यायची.

तिसरं कारण परवानगी. पान सगळ्यांसाठी खुलं असतं, पण त्यात जोडलेली दरपत्रकाची पीडीएफ ड्राइव्हवर कुलूपबंद असते. मग पान उघडतं आणि नेमकी तीच जागा रिकामी राहते किंवा लॉगिन मागते. ड्राइव्हवरच्या त्या फाइलचं शेअरिंग 'लिंक असलेला कोणीही' असं करावं लागतं. ऑर्डरसाठी गुगल फॉर्म जोडला असेल तर त्यात 'फाइल अपलोड करा' असा प्रश्न ठेवू नका. तो प्रश्न असला की भरणाऱ्याला गुगल खात्यात लॉगिन करावंच लागतं, आणि बरीच गिऱ्हाइकं तिथूनच परत फिरतात.

तपासायचं कसं? ब्राउझरची इनकॉग्निटो, म्हणजे तुमचं लॉगिन नसलेली, खिडकी उघडून त्यात लिंक टाका. त्याहून चांगलं म्हणजे शेजाऱ्याचा फोन मागा, त्याचं वायफाय बंद करा आणि पान पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा.

मराठी अक्षरांचा गोंधळ

याबद्दल कमी बोललं जातं, आणि आपल्याकडे नुकसान मात्र इथेच मोठं होतं.

गटाचं पत्रक तालुक्याच्या डीटीपीवाल्याने कृतिदेव किंवा श्रीलिपीत केलेलं असतं. तो मजकूर कॉपी करून एडिटरमध्ये टाकला की भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात. कृतिदेवमधला 'संत्रा' वेबपानावर 'एल', 'ए', बरोबरचं चिन्ह आणि 'के' असा उमटतो. फाइल खराब झालेली नसते. या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीचे आकार बसवलेले असतात. डीटीपीवाल्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट आहे म्हणून त्याला 'स' दिसतो. कॉम्प्युटरच्या लेखी मात्र ते 'एल'च असतं. गुगलच्या लेखीही तेच, त्यामुळे असं पान कुणी 'संत्रा' म्हणून शोधलं तर सापडणारच नाही.

उपाय म्हणजे युनिकोड, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला त्याची स्वतःची जागा देणारी पद्धत. कृतिदेवचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर इंटरनेटवर मोफत मिळतात. त्यातून आलेला मजकूर ओळीनओळ वाचा; रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी या जागी हमखास गडबड असते. मजकूर एखाद्या पानाचाच असेल तर मी सरळ फोनवर बोलून टाइप करायला सांगतो. जीबोर्डला, म्हणजे गुगलच्या कीबोर्डला, मराठी चांगलं कळतं आणि कन्व्हर्टरच्या चुका शोधण्यापेक्षा ते लवकर होतं.

यावरची पळवाट मात्र वाईट आहे. मजकूर जमत नाही म्हणून फ्लेक्सचं डिझाइन जसंच्या तसं चित्र म्हणून पानावर टाकलं जातं. दहा फूट रुंद बॅनरसाठी केलेली अक्षरं सहा इंची पडद्यावर वाचताच येत नाहीत. त्यातल्या नंबरवर बोट ठेवून फोन लागत नाही, तो कॉपीही होत नाही. चित्रातले शब्द शोधात येतील याचाही भरवसा नाही. चित्र म्हणून बागेचा फोटो टाका, हळकुंडाचा टाका. नाव, गाव, दर आणि नंबर मात्र टाइप केलेले हवेत.

फॉन्टचंही तसंच. एडिटरमध्ये सुंदर फॉन्टची लांबलचक यादी असते, पण त्यातल्या बऱ्याच फॉन्टमध्ये देवनागरी नसतेच. तुम्ही तो निवडता, तुमचा लॅपटॉप मराठीसाठी दुसराच फॉन्ट वापरून वेळ मारून नेतो, आणि प्रत्येक फोनवर पान वेगळं दिसतं. देवनागरीसाठी घडवलेला फॉन्ट घ्या. मुक्त, बालू, नोटो सान्स देवनागरी हे गुगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. मुक्त आणि बालू हे दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने केलेले आहेत. मजकुराला मुक्त आणि मथळ्याला बालू ही जोडी मला आवडते. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची सोय असते, तिला हात लावू नका. इंग्रजीत ते ऐटदार दिसतं. मराठीत शिरोरेघेचे तुकडे पडतात. ओळींमधलं अंतर मात्र थोडं वाढवा, दीडपट ठेवलं तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना लागत नाहीत.

वर्डमधून मजकूर आणताना कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकत्र दाबून पेस्ट करा. नुसतं कंट्रोल-व्ही केलं तर वर्डमधले रंग, आकार, फॉन्ट सगळं पाठोपाठ येतं, आणि एका परिच्छेदात तीन तऱ्हेची अक्षरं का दिसतात ते मग शोधत बसावं लागतं.

फोटो आणि मोबाईल

फोनने काढलेला फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो. असे दहा टाकले की पान चाळीस-पन्नास एमबीचं झालं. काही एडिटर फोटो स्वतःच लहान करतात, सगळे नाही. वेबपानाला साधारण १२०० पिक्सेल रुंदी पुरते आणि फोटो दोनशे केबीच्या आत बसतो. स्क्वूश नावाचं गुगलचं मोफत साधन ब्राउझरमध्येच चालतं, त्यात हे काम होतं. उलट बाजूही आहे: व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला फोटो आधीच दाबलेला असतो. मजकुरात तो चालतो, पण पानाच्या माथ्यावर पूर्ण रुंदीत ताणला की धूसर होतो. माथ्याचा फोटो मूळ फोनमधूनच घ्या.

मांडणी लॅपटॉपवर होते आणि बघितली जाते मोबाईलवर. दरपत्रक स्पेसबार दाबदाबून रांगेत बसवलेलं असेल तर मोबाईलवर ते पार विस्कटतं. लहान, मध्यम, मोठा माल आणि त्यांचे दर कुणाचे कुणाशी लागतात ते कळत नाही. प्रत्येक प्रतीला एक ओळ द्या, दर त्याच ओळीत लिहा. विक्समध्ये मोबाईलची मांडणी वेगळी उघडून पाहता येते, आणि तिथे एखादा भाग फक्त मोबाईलपुरता लपवता येतो. तोच भाग लॅपटॉपच्या मांडणीतून काढला तर तो दोन्हीकडून जातो.

व्हॉट्सॲपच्या बटणाची चूक तर घरोघरी. पत्ता असा हवा: डब्ल्यूए डॉट एमई, तिरपी रेघ, मग ९१ आणि लागून दहा आकडी नंबर. अधिकचं चिन्ह नको, सुरुवातीचा शून्य नको, मध्ये जागा किंवा आडवी रेघ नको. ९१ विसरलात तर गप्पांची खिडकी तुमच्या नंबरवर उघडतच नाही.

'आमची उत्पादने', 'गॅलरी', 'लवकरच येत आहे' अशी रिकामी पानं ठेवू नका. एकच लांब पान पुष्कळ झालं.

गुगलवर सापडत नाही

नवीन पान शोधात यायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तोवर दोन गोष्टी बघा. सेटिंगमध्ये 'शोध इंजिनांना दाखवू नका' अशा अर्थाची खूण चुकून लागलेली नाही ना? आणि पानाचं शीर्षक काय आहे? 'होम' किंवा 'माझी साईट' असं शीर्षक असेल तर कुणाला सापडेल? 'वायगाव हळद, ता. समुद्रपूर, जि. वर्धा' असं लिहा, आणि तेच शब्द मजकुरातही येऊ द्या. नंतर गुगल सर्च कन्सोलमध्ये पत्ता नोंदवता येतो, तेही मोफत आहे.

सापडावं असं सगळंच नसतं. गटाच्या सदस्यांची आधार नंबरांसकटची यादी किंवा पासबुकाचा फोटो असलेली पानं मी पाहिली आहेत. लगेच काढून टाका. पारदर्शकतेसाठी नावं आणि गाव पुरे.

खातं कुणाचं, पत्ता कुणाचा

हा भाग बनवताना कुणाला महत्त्वाचा वाटत नाही, आणि बिघडल्यावर दुरुस्त करायला सगळ्यात अवघड जातो. पान भाच्याने त्याच्या जीमेलवरून केलेलं असतं, भाचा पुण्याला नोकरीला लागतो, आणि पासवर्डचा ओटीपी जातो केव्हाच बंद पडलेल्या सिमवर. गटाचं वेगळं खातं काढा, त्याला चालू असलेला नंबर जोडा आणि आणखी दोन जणांना संपादक म्हणून घ्या. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल बंद करू शकतं, म्हणून हंगाम नसतानाही अधूनमधून लॉगिन करा. गुगल साईट्सचं पान ड्राइव्हमधली एक फाइल असते हेही ध्यानात ठेवा. जागा रिकामी करायच्या नादात ती उडवली तर पानही जातं, आणि कचरापेटीतून ती परत आणायला तीसच दिवस मिळतात.

मोफत साधन मालक बंद करू शकतो. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलबरोबर फुकट मिळणाऱ्या वेबसाईट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या, आणि त्यांचा पत्ता १० जून २०२४ पर्यंतच पुढे वळवला जात होता. तो पत्ता ज्यांनी पाटीवर, बिलावर, पेट्यांवर छापला होता, त्यांची छपाई वाया गेली. म्हणून मजकूर आणि मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवाच. गुगल साईट्सची प्रत गुगल टेकआउटमधून, म्हणजे आपला डेटा उतरवून घ्यायच्या सोयीतून, काढता येते, वर्डप्रेस डॉट कॉमलाही निर्यातीची सोय आहे. विक्सवरची साईट उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

शक्य असेल तर स्वतःचा डोमेन, म्हणजे साईटचा स्वतःच्या नावाचा पत्ता, घ्या. विक्सच्या मोफत योजनेत तो जोडता येत नाही आणि वर त्यांची जाहिरातही दिसते. गुगल साईट्स आणि ब्लॉगरमध्ये डोमेन जोडायचे वेगळे पैसे पडत नाहीत, वर्षाची डोमेनची फी तेवढी भरायची. पावती, ईमेल आणि मोबाईल तुमच्याच नावाचे असू द्या, डोमेन काढून देणाऱ्या दुकानदाराच्या नको. उद्या साधन बदललं तरी पत्ता तोच राहतो.

पेट्यांवर क्यूआर कोड छापणार असाल तर तोही याच पत्त्याचा करा. फुकट कोड देणाऱ्या काही साईट 'डायनॅमिक' कोड देतात. तो आधी त्यांच्या पत्त्यावर जातो आणि चाचणीची मुदत संपली की चालत नाही. क्रोममध्ये आपलं पान उघडून तिथूनच कोड तयार होतो, त्याला मुदत नसते. छापखान्यात द्यायच्या आधी तो दोन वेगवेगळ्या फोनवर स्कॅन करून बघा, आणि त्यातला एक तरी फोन घरच्या वायफायवर नसलेला असू द्या.