अन्ननलिकेचा कर्करोग आणि डीएनए दुरुस्तीची प्रथिने : अभ्यास करताना या चुका टाळा

गाठीतील डीएनए दुरुस्तीची प्रथिने पाहून अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या रुग्णाचा पुढील प्रवास कसा असेल, याचा अंदाज बांधता येईल का, हा प्रबंधासाठी मोहात पाडणारा विषय आहे. मात्र अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटणारा रेणू) वापरून रंगवलेल्या स्लाइडवर पेशीचे केंद्रक तपकिरी दिसले म्हणजे तिची दुरुस्तीची क्षमताच मोजली गेली, असे गृहीत धरले, तर पुढची सारी आकडेमोड कच्च्या पायावर उभी राहते.

सर्वांत महागात पडते ती अँटिबॉडीची निवड. ईआरसीसी१ हे प्रथिन एक्सपीएफ या जोडीदारासह सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाने बिघडवलेला डीएनएचा भाग कापून काढण्यास मदत करते, त्यामुळे ते मुबलक असल्यास औषधाचा परिणाम कमी होईल, ही कल्पना तर्कशुद्ध आहे. परंतु २०१३ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगावरील एका संशोधनात बाजारातील १६ अँटिबॉडी तपासल्या, तेव्हा या प्रथिनाच्या चार रूपांपैकी दुरुस्ती करणारे एकमेव रूप त्यांतील एकाही अँटिबॉडीला वेगळे ओळखता आले नाही. अवयव बदलला म्हणून ही अडचण दूर होत नाही. अँटिबॉडीच्या क्लोनचे (विशिष्ट वाणाचे) नाव लिहावे आणि संबंधित जनुक काढून टाकलेल्या पेशींवर ती अँटिबॉडी खरोखरच रंग देत नाही ना, हे आधी पाहावे.

दुसरी गफलत ऊतीच्या नमुन्याची. शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी व रेडिएशन घेतलेल्या रुग्णांच्या काढलेल्या गाठींवरच अभ्यास केला, तर ज्यांची गाठ उपचारांनी पूर्ण विरघळली ते रुग्ण आपोआप वगळले जातात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रॉस या अशाच उपचारांच्या चाचणीत गाठ पूर्ण विरघळण्याचे प्रमाण स्क्वॅमस सेल कार्सिनोमात (अस्तराच्या चपट्या पेशींचा कर्करोग) ४९ टक्के, तर अ‍ॅडेनोकार्सिनोमात (ग्रंथींच्या पेशींचा कर्करोग) २३ टक्के होते. म्हणजे उत्तम प्रतिसाद देणारेच मोजणीतून निसटतात. उपचारांपूर्वीची बायॉप्सी वापरावी आणि हे दोन प्रकार एकाच तक्त्यात मिसळू नयेत, कारण त्यांची कारणे आणि जनुकीय घडण वेगळी असते.

सर्व रुग्णांना एकच उपचार दिलेला असताना ‘हे प्रथिन औषधाचा उपयोग सांगते’ असे लिहिणे हीदेखील नेहमीची चूक आहे. तसा दावा करण्यासाठी तो उपचार न घेतलेला तुलनागट लागतो. तो नसेल, तर फार तर पूर्वानुमानाविषयी, म्हणजे रुग्णाचा पुढील प्रवास कसा असेल याविषयी, बोलता येते.

कटऑफचेही, म्हणजे ‘जास्त’ व ‘कमी’ गट वेगळे करणाऱ्या मर्यादेचेही, तसेच. समजा, ३० टक्के पेशी फिकट, ४० टक्के मध्यम आणि २० टक्के गडद रंगल्या, तर एच-स्कोअर (ही टक्केवारी अनुक्रमे १, २ व ३ ने गुणून केलेली बेरीज) ३० + ८० + ६० म्हणजे १७० येतो. आता ही गाठ ‘जास्त’ गटात की ‘कमी’ गटात, हे जगण्याचे आलेख पाहून ठरवले, तर हवा तो निष्कर्ष काढता येतो. मर्यादा आधीच लिहून ठेवावी. परस्परांशी संबंध नसलेली दहा प्रथिने प्रत्येकी ०.०५ या पातळीवर (म्हणजे योगायोगाने खोटा निष्कर्ष निघण्याची शक्यता ५ टक्के ठेवून) तपासली, तर निव्वळ योगायोगाने किमान एक ‘महत्त्वाचे’ ठरण्याची शक्यता ४० टक्के असते, याचाही अनेकांना विसर पडतो.

एमएलएच१ किंवा एमएसएच२ हे डीएनए दुरुस्तीचे प्रथिन नाहीसे झाले आहे, असे वाटल्यास आधी शेजारच्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींकडे पाहावे, कारण त्यांच्यात ही प्रथिने सहसा असतात. त्यांचीही केंद्रके कोरी असतील, तर दोष बहुधा फॉर्मलिनमधील जतनात किंवा स्टेनिंगमध्ये आहे. अशा स्लाइडवर ‘अभाव’ अशी नोंद न करता ती चाचणी पुन्हा करावी.