ठाण्याच्या उत्पन्नाची आकडेवही कशी बांधाल?

आधी प्रश्न ठरवा, मग एक्सेल उघडा. ‘ठाणे जिल्ह्यात कारखानदारीचा वाटा घटून सेवांचा वाढला का?’ हा चालेल. ‘ठाण्यातल्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीचं काय झालं?’ याला जिल्ह्याचे आकडे पुरणार नाहीत.

देशाचे आकडे केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाकडून घ्या, राज्य आणि जिल्ह्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडून. एका ओळीत एकच आकडा आणि शेजारी त्याचा जन्मदाखला: वर्ष, क्षेत्र, प्रदेश, चालू की स्थिर किंमत (त्याच वर्षीचे भाव की एकाच ठरावीक वर्षाचे), पायाभूत वर्ष (ते ठरावीक वर्ष), एकक, अंदाज पहिला की सुधारित, प्रकाशनाची तारीख. सुधारित आकडा आला तर जुना पुसू नका, नवी ओळ घाला. कंटाळवाणं काम आहे, पण इथे आळस केला की पुढे दुप्पट भोगावं लागतं.

आता सांधे. २००४-०५ आणि २०११-१२ या पायाभूत वर्षांच्या मालिका एकाखाली एक चिकटवू नका. २०११-१२ हे वर्ष दोन्हींत आहे. त्या वर्षाच्या नव्या आकड्याला जुन्याने भागा आणि येणाऱ्या गुणकाने मागची वर्षं गुणा. मात्र प्रत्येक क्षेत्र असं वेगळं जोडलं की त्यांची बेरीज एकूण आकड्याशी जुळत नाही. ती ओढूनताणून जुळवू नका, फरकाची नोंद ठेवा. देशपातळीवर ही कसरत नको. २००४-०५पासूनची मागची मालिका २०१८ मध्ये अधिकृतपणे आली आहे.

खरी गोची नकाशाची. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला. त्याआधीच्या प्रकाशनांतलं ठाणे पालघरसकट आहे. आलेख तिथे कोसळला तर ती मंदी नव्हे. जुना आकडा अंदाजाने फोडण्यापेक्षा नंतरच्या वर्षांत ठाणे अधिक पालघर करून ‘जुनं ठाणे’ ही मालिका चालू ठेवा. नवी मुंबईही दोन जिल्ह्यांत विभागलेली आहे: ऐरोली-बेलापूर ठाण्यात, पनवेल रायगडात.

मॉडेलमध्ये घालण्याआधी आकडा कसा बनला ते वाचा. बऱ्याच सेवांचं राज्याचं उत्पन्न कामगारसंख्येसारख्या निर्देशकांच्या प्रमाणात जिल्ह्यांना वाटलेलं असतं. त्यावरून ‘रोजगार वाढला की उत्पन्न वाढतं’ असं सिद्ध करणं म्हणजे आपणच पेपर काढून आपणच तपासणं.

आणि सकाळच्या फास्ट लोकलने फोर्टला जाणाऱ्या ठाणेकराची कमाई? जिल्हा उत्पन्न जिथे निर्माण होतं तिथे धरलं जातं, म्हणून ती मुंबईच्या खात्यात. दरडोई उत्पन्नाच्या रकान्याला ही टीप जोडा.