संशोधकांची क्रमवारी लावताय? सायटेशन मोजताना या चुका टाळा

संगणकशास्त्रातल्या आघाडीच्या संशोधकांची यादी फसते ती सूत्रामुळे क्वचितच. एच-इंडेक्स म्हणजे पेपर आणि त्यांची सायटेशन यांतून संशोधकाला मिळणारा एक आकडा. त्याचं गणित सातवीतल्या मुलालाही जमेल. पेपर सायटेशनच्या, म्हणजे इतर पेपरांत त्यांचा किती वेळा दाखला दिला गेला त्या संख्येच्या, उतरत्या क्रमाने लावा, शेजारी 1, 2, 3 असे अनुक्रमांक घाला. ज्या शेवटच्या ओळीत सायटेशन अनुक्रमांकाइतके किंवा जास्त आहेत, तो एच. घोळ असतो तो या गणितात ओतलेल्या आकड्यांत.

डेटाबेसची निवड

या विषयात मोठं काम आधी न्यूरिप्स, सीव्हीपीआर, स्टॉक, सिगमॉड अशा कॉन्फरन्समध्ये येतं. इथे जर्नलची सद्दी नाही. वेब ऑफ सायन्स या सायटेशनच्या डेटाबेसमध्ये कॉन्फरन्स प्रोसिडिंग्जचा इंडेक्स वेगळा असतो. तुमच्या संस्थेने त्याची वर्गणी भरली नसेल तर ते पेपर दिसतच नाहीत. एखाद्या नामवंताचा एच-इंडेक्स संशयास्पदरीत्या कमी निघाला तर आधी हे तपासा. उलट गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (छाननीआधीच टाकलेले पेपर), अहवाल, सगळंच गोळा करतं. 2010 मध्ये सिरिल लाब्बे या फ्रेंच संशोधकाने सायजेन या बनावट पेपर तयार करणाऱ्या प्रोग्रॅमकडून शंभरेक निरर्थक पेपर लिहवून घेतले, ते एकमेकांना सायट करायला लावले आणि 'आयक अँटकेअर' या अस्तित्वातच नसलेल्या शास्त्रज्ञाचा एच-इंडेक्स तिथे 94 वर नेऊन दाखवला!

डेटाबेस कोणताही घ्या, पण सगळ्या यादीला एकच, आणि आकडे एकाच दिवशी उतरवा.

नावं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि जायलाच हवा. डीबीएलपी या संगणकशास्त्राच्या पेपरसूचीवर 'वेई वांग' नावाचे शंभराहून जास्त संशोधक आहेत. म्हणून तिथे नावापुढे 0001, 0002 असे क्रमांक लावतात. मराठी नावांची तऱ्हा उलटी, एकाच व्यक्तीच्या अनेक नोंदी होतात. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर गळालेलं, कुठे लग्नानंतर आडनाव बदललेलं. स्कोपस या डेटाबेसमध्ये मग त्याच बाईंचे दोन-तीन लेखक-क्रमांक तयार होतात आणि प्रत्येकावर तुटपुंजा एच दिसतो.

शोध नावाने नको, ऑर्किडने, म्हणजे संशोधकाच्या 16 अंकी ओळख-क्रमांकाने करा. तो नसेल तर संस्था आणि सहलेखक जुळवून बघा. स्कॉलरच्या प्रोफाइलमध्ये नवे पेपर आपोआप जोडण्याची सोय चालू असेल तर परक्याचे पेपरही येऊन बसतात. ओळखायची खूण सोपी आहे: नेटवर्किंगवाल्याच्या खात्यात द्राक्षावरच्या रोगाचा पेपर, किंवा पहिला पेपर पीएचडीच्या वीस वर्षं आधीचा.

एक पेपर, दोन नोंदी

अर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या संकेतस्थळावरची प्रत आणि कॉन्फरन्समधली प्रत वेगवेगळी मोजली गेली की आकडा दोन्हीकडे चुकू शकतो. समजा एका प्रतीला 14 आणि दुसरीला 9 सायटेशन आहेत. संशोधकाचा एच 8 च्या आसपास असेल तर एकच पेपर दोनदा धरला जातो आणि एच फुगतो. एच 20 च्या आसपास असेल तर दोन्ही प्रती उंबरठ्याबाहेर राहतात आणि तो घटतो. नुसती बेरीजही करू नका. दोन्ही प्रतींना सायट करणारे दोन पेपर समान असतील तर खरा आकडा 21, 23 नव्हे.

स्वतःचेच सायटेशन

एकाचे सायटेशन 40, 22, 15, 9, 6, 5, 3 आहेत. एच 5. पाचव्या-सहाव्या पेपरची दोन-दोन सायटेशन त्याचीच निघाली, ती वगळली की उरतात 4 आणि 3. एच 4! उंबरठ्यावरच्या पेपरांकडेच बघा. 40 वाल्यातून दहा काढले तरी फरक पडत नाही.

विषय, वय आणि वाटणी

सैद्धांतिक संगणकशास्त्र आणि डीप लर्निंग एका तराजूत घालू नका. ट्रान्सफॉर्मर या डीप लर्निंगच्या रचनेवरच्या 2017 च्या पेपराला आठ लेखक आहेत आणि साध्या मोजणीत प्रत्येकाला सगळी सायटेशन पूर्ण मिळतात. शेजारी आठाने भागलेला स्तंभही ठेवा. एच-इंडेक्स 2005 मध्ये मांडणाऱ्या जॉर्ज हिर्श यांनीच तो पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी भागायचा उपाय सुचवला होता; नव्या-जुन्यांच्या तुलनेसाठी तो वापरा. सीएसरँकिंग्ज या संगणकशास्त्र विभागांच्या क्रमवारीचे आकडे मात्र यात मिसळू नका. तिथे निवडक कॉन्फरन्समधले पेपर मोजतात, सायटेशन नव्हे.

'स्टॅनफर्डची टॉप टू पर्सेंट' म्हणून आपल्याकडे कॉलेजच्या फाटकावर जे फलक लागतात, त्यांत दोन याद्यांची सरमिसळ असते. एक संपूर्ण कारकिर्दीची, दुसरी एकाच वर्षातल्या सायटेशनची. स्कोपसच्या आकड्यांवर आधारलेल्या या याद्यांत स्वतःची सायटेशन धरून आणि वगळून असे दोन्ही क्रम दिलेले असतात. कोणता उचलला ते लिहा.

शेवटी बरोबरीचा प्रश्न. एच पूर्णांक असल्याने गर्दी होतेच. एच 62 असलेल्या दहा जणांना 41 ते 50 असे क्रम देऊ नका. दहाही जणांना 41 द्या आणि पुढच्याला 51.